येसाईच्या डांगरावरचा पहिला घाव

श्री धुनीगीर महाराज त्या साली गोदाकाठच्या डोहगावी मारुतीच्या पारावर मुक्कामाला होते. सूर्यास्तानंतर अन्न घ्यायचे नाही, हा त्यांचा नेम. चैत्रात तीन दिवसांचा उपवास सोडताना ते म्हणाले, "आज येसाईच्या डांगराचे घारगे खाऊ. दुसरे काही नको."

येसाई विधवा, घरात एकटी. तिची डांगरे म्हणजे तांब्याएवढे लाल भोपळे, पण असे गोड की घारग्यांना गूळ निम्माच लागे. कार्तिकात महाराजांनीच तिला बजावले होते, "देठ मोडू नकोस, पाणी लावू नकोस, एकाला दुसरे टेकू देऊ नकोस." तिने ती माळ्यावर कोरड्या गवतावर सुटी मांडली. त्यातले शेवटचे अजून टणक होते.

पण अखंड डांगरावर बाईने पहिला घाव घालायचा नाही, तो पुरुषानेच घालायचा, अशी गावची रीत. येसाई डांगर घेऊन शेजारच्या भुजंगराव देशमुखांकडे गेली. त्यांच्या अंगणात भंडाऱ्याची तयारी चालली होती.

"डांगर आहे की लिंबू?" भुजंगराव हसले. "आमच्या कोठीत गाडीभर पडलीत, एकेक घागरीएवढं! महाराजांना तेच वाढू. जा तू."

त्यांचे बघून दुसरा कोणीही उठला नाही.

येसाई पारावर आली. "महाराज, तुम्हीच घाला घाव."

"आमचा हात नको. ज्याने हसून पाठवलं, त्याचाच लागेल. तू कढई ठेव."

येसाईला काही उमगेना. डांगर कापलेच नाही, तर कढई कशाला? दिवस कासराभर उरला होता. महाराज उपाशी राहिले, तर पाप कोणाचे? तरी तिने पारामागे चूल पेटवली, कणीक चाळली.

इतक्यात भुजंगराव धावत आले. देठ मोडून, धुऊन, ढीग लावून ठेवलेली त्यांची सगळी डांगरे आतून सडली होती. पंगत तर बसलेली!

"महाराज, अब्रू जाते हो!"

"येसाईने काय मागितलं होतं?" महाराज म्हणाले.

भुजंगरावांनी मान खाली घालून सुरी घेतली. डांगर दुभंगले. आत केशरी रंग!

येसाईने एक अर्धुक किसून गुळात शिजवले, कणीक मळली. पहिला घारगा महाराजांनी खाल्ला, तेव्हा सूर्य बाभळींच्या शेंड्यावर होता. मग भुजंगराव स्वतः पंगतीत वाढू लागले. खेपेमागून खेप झाली, पण परातीतला कणकेचा गोळा सरेना.

"अक्का, दुसरं अर्धुक कधी किसलंस?"

"ते हे काय, पाटावर! मलाच कळेना, दादा. माझं काही चुकतंय का?"

"तू तळत राहा," महाराज एवढेच म्हणाले.

एकशे बारा माणसे जेवून उठली. पाटावरचे अर्धुक तसेच होते. भुजंगरावांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

"आम्ही नुसते जेवलो," महाराज म्हणाले. "राबली ती तिकडे आहे."

भुजंगराव चुलीपाशी आले. "अक्का, यापुढे नुसती हाक मार. हातातलं टाकून येईन." आणि ते तिथेच वाकले.

येसाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. एवढ्या मोठ्या माणसाला उठवावे तरी कसे, तिला कळेना.