डावं-उजवं

कोष्टीआळीच्या विहिरीला अगदी खेटून चुन्याची भट्टी बसणार, असा हुकूम सुटला आणि आळीतले सगळे माग एकदम थांबले. भट्टी बसली म्हणजे विहिरीत चुन्याची भुकटी, वाळत घातलेल्या लुगड्यांवर काजळी आणि पोराबाळांना कायमचा ठसका! आळी उठून जाणार तरी कुठे?

भट्टी काढणार होते भुजंगराव, राणीसाहेबांचे सख्खे भाऊ. त्यांना तीच जागा हवी होती, कारण ती त्यांच्या वाड्यापासून जवळ होती. फार जवळही नव्हती आणि वारा उलट्या बाजूला वाहत होता. माणूस हिशेबी खरा!

आळीतली म्हातारी मंडळी दरबारात गेली. धुराचे सांगून झाले, पाण्याचे सांगून झाले, खोकूनसुद्धा दाखवून झाले. सुभानराजे मनाने वाईट नव्हते, पण हट्टी असे की विचारू नका.

"पुरे!" राजे ओरडले. "जमीन ती जमीन! इथे काय नि तिथे काय! माझ्या राज्यात डावं-उजवं चालायचं नाही. ज्याला जिथे वाटेल, त्यानं तिथे बांधावं!"

म्हाताऱ्यांच्या मागे ठकू उभी होती. कोष्ट्याचीच पोर, पण जीभ अशी तिखट की आळीत तिच्याशी भांडायला कुणी धजत नसे.

"महाराज, मी तुम्हाला पटवून दिलं तर?"

"पटवून दे की! पण सकाळपासून भट्टी, भट्टी ऐकून माझे कान किटलेत. उद्या सूर्य मावळेपर्यंत जो कुणी माझ्यासमोर भट्टीचं नाव काढील, त्याच्याच अंगणात ती बसवीन. आता बोल!"

दरबार हसला. नाव न काढता पटवायचे तरी कसे? भुजंगरावांनी तर मिशीला पीळच दिला.

ठकूने हात जोडले. "मग काही बोलतच नाही, महाराज. उद्या दुपारी आमच्या घरी जेवायला या. मेहुण्यांनाही आणा."

जेवण म्हटले की राजे नाही म्हणत नसत. पण ते पानाच्या बाबतीत फार काटेकोर. लिंबाची फोड जरा इकडची तिकडे झाली म्हणून एका वाढप्याला त्यांनी थेट घोड्यांच्या पागेत धाडले होते. असे राजे जेवायला येणार हे ऐकून ठकूच्या आईने डोक्याला हात लावला. "नीट वाढ गं बाई!"

"अगदी हुकुमाप्रमाणे वाढते," ठकू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाट मांडले, रांगोळ्या काढल्या, केळीची पाने पसरली. सुवासाने राजांच्या तोंडाला पाणी सुटले. ठकू वाढत गेली आणि राजांचे डोळे मोठे होत गेले. पुरणपोळीवर लिंबाचे लोणचे! भाताच्या मुदीवर खीर! खिरीच्या ओघळात हिरव्या मिरचीची चटणी! आणि मीठ? ते पानभर भुरभुरलेले!

"अगं ए! हे काय वाढलंस?"

"का महाराज? चटणी वाईट आहे का? आत्ताच वाटलीय."

"चटणी वाईट कशाला असेल? चटणी तर हवीच! चटणीशिवाय जेवणाला चव कसली?"

"मग खीर नासलीय?"

"खीरही झकास दिसतेय! पण दोन्ही एकमेकांना लागली की दोन्ही वाया! चटणीची जागा डावीकडे, मिठाच्या खाली. भाजी उजवीकडे. पानाला डावं-उजवं असतं, एवढंही कळत नाही तुला?"

"कळतं की! पण राज्यात डावं-उजवं चालायचं नाही, असा कालच हुकूम झाला. जिला जिथे वाटलं, तिनं तिथे वाढलं!"

राजांनी पानाकडे पाहिले. मग दारातून दिसणाऱ्या विहिरीकडे पाहिले, दोरीवर वाळणाऱ्या लुगड्यांकडे पाहिले. भुजंगराव मात्र चुळबुळू लागले. राजांचा चेहरा बदललेला त्यांना बरोबर दिसला.

"दाजी, या पोरीचं काय ऐकता!" ते तावातावाने म्हणाले. "चटणीचा नि खिरीचा माझ्या भट्टीशी संबंधच काय?"

ठकूने पदर तोंडाला लावला, पण हसू काही लपेना.

"महाराज," ती म्हणाली, "सूर्य अजून मावळायचाय!"

भुजंगराव पांढरेफटक पडले. "म... माझ्या अंगणात? अहो, धूर घरात येईल! आडात भुकटी पडेल! पोरं खोकतील!"

"काल म्हातारे हेच सांगत होते, मेहुणे!" राजे म्हणाले आणि त्यांना असे हसू फुटले की पगडी खिरीत पडली. "बरं, तुमचं अंगण सोडतो. गावापलीकडच्या उजाड माळावर जा, धूर गावाकडे येणार नाही अशा अंगाला. चुना हवाच आहे मला, पण चटणीसारखा, आपल्या जागी! आणि पोरी, आजपासून गावाचं पान तू वाढायचंस. कोण कुठे बांधणार, ते तुला विचारून!"

हातातले सोन्याचे कडे काढून त्यांनी ठकूपुढे धरले. "शाब्बास! कोष्टीआळीचं नाव काढलंस!"

"मी कुठे, महाराज?" कडे मनगटात सरकवत ठकू म्हणाली. "नाव तर भुजंगरावांनी काढलं!"