नव्या प्रोसेसरचा वेग कोणी चोरला?

"कुणीतरी आमच्या प्रोसेसरचा वेग चोरलाय!" भूपाळराजे सिंहासनावरून गरजले. "चोर याच राज्यात आहे आणि उजळ माथ्याने फिरतोय!"

सगळ्या दरबाराने माना खाली घातल्या. मग प्रत्येकाने हळूच शेजाऱ्याकडे संशयाने पाहून घेतलं. राजनिष्ठा दाखवायची तिथली रीतच ती होती.

राजांना कॉम्प्युटरची भारी हौस, पण खजिना बेताचा. त्यामुळे दरबारातला जुना प्रोसेसर स्वस्तातला होता आणि आता आणलेला नवाही स्वस्तातलाच. जुना फार रखडतो म्हणून तो कॉम्प्युटर साफ पुसून आंबेघरच्या कालव्यावर पाठवून दिला होता. आणि झालं भलतंच! दरबारात नवा गोगलगायीसारखा सरपटत होता आणि तिकडे कालव्यावर जुना तुरुतुरु धावत होता.

म्हणूनच हौसाला तिच्या जुन्या कॉम्प्युटरसकट दरबारात उभं केलं होतं. हौसा आंबेघरच्या पाटकऱ्याची, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणाऱ्याची लेक. कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं, ती पाळी ती या कॉम्प्युटरवर लावायची. त्याआधी पाळी पाटलाच्या मर्जीने लागे आणि पाटलाची मर्जी नेहमी पाटलाच्याच उसाकडे वाहत असे. हा कॉम्प्युटर गेला की पाणी पुन्हा त्याच उसात मुरणार, हे हौसाला पक्कं ठाऊक होतं.

प्रधान त्र्यंबकपंत पुढे सरसावले. "महाराज, हे चेटूक आहे! जुन्याला दोन कोअर, नव्याला चार. दोन बैलांची गाडी चार बैलांच्या गाडीला मागे टाकते म्हणजे काय? शिवाय जुना तापतो, त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. नवा गार राहतो आणि खातोही कमी!"

"मग या दरबारात तो एकटाच म्हणायचा," हौसा पुटपुटली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही पंत. नव्याचं कौतुक केलं."

"पोरी!" राजांनी बोट रोखलं. "आत्ताच्या आत्ता आमच्या नव्याचा वेग परत आणून दे. कॉम्प्युटरची पेटी उघडायची नाही. दोन्हींपैकी एकाही कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. खजिन्यातून दमडी मिळणार नाही. जमलं तर मागशील ते बक्षीस! नाही जमलं, तर तुझ्या जुन्यावर घण!"

लोहार घण घेऊन उभाच होता. त्या राज्यात शिक्षेची तयारी नेहमी चौकशीच्या आधी पूर्ण होत असे.

"आधी नवा चालवून तर दाखवा," हौसा म्हणाली.

चिटणिसांनी नवा सुरू केला. पहिल्यांदा नगारा वाजला. मग पडद्यावर राजांचा चेहरा उगवू लागला, मिशीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मग त्यांची बिरुदावली, चालीसकट. तेवढ्यात पंतांची परवानगी जागी झाली, राजज्योतिष्यांचा मुहूर्त जागा झाला, सेनापतींचा पहारा जागा झाला. प्रत्येक मानकऱ्याने आपापलं काहीतरी त्यात घालून ठेवलं होतं आणि एकही जण उठायचं नाव घेत नव्हता. काम तेवढं कुठे दिसेना.

हौसाने हसू गिळलं आणि चेहरा रडवेला केला.

"महाराज, माझी एकच विनंती. माझा जुना आज दरबारात आलाय. गरीब असला म्हणून काय झालं, त्याला दरबारी मान नको? नव्यावर जे जे आहे ते सगळं याच्यावर चढवा. आणि तोवर नव्याला, हा आमच्या कालव्यावर असतो तसा उघडाबोडका ठेवा."

"मान मागतेय येडी!" पंत खूश झाले. "द्या महाराज! मानाला पैसे पडत नाहीत."

राजांनी मान डोलावली. चिटणिसांनी नव्यावरचं सगळं उतरवून जुन्यावर चढवलं. हौसा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी होती.

"आता दोघांना एकच काम द्या. पंधरा गावांच्या पाण्याची पाळी."

राजांनी पानाचा विडा उचलला. तो तोंडात जायच्या आत नव्याची पाळी तयार! राजांचा हात तसाच अधांतरी राहिला.

आणि जुना? त्याचा नगारा मध्येच अडखळला. राजांची अर्धी मिशी उगवली आणि तिथेच थांबली. पंखा किंचाळायला लागला. पडद्यावर अक्षरं आली: 'मुहूर्ताची वाट पाहत आहे.' राजज्योतिषी खांबाआड सरकले.

"वेग आला!" राजे ओरडले. "पण चोर कुठाय?"

"महाराज, नवा जुन्यापेक्षा तगडाच आहे. चार बैल ते चार बैल! पण माझ्या गाडीत नुसती पाण्याची पाळी होती आणि तुमच्या गाडीत अख्खा दरबार बसला होता."

"आणि सगळ्यात पुढे कोण बसलं होतं?"

"नाव घ्यायला अभय लागेल, महाराज. मिशी मात्र ओळखीची वाटली!"

लोहाराने घण खांद्यावर घेतला. राजांनी पडद्यावरच्या अर्ध्या मिशीकडे पाहिलं, मग स्वतःच्या अख्ख्या मिशीवरून बोट फिरवलं, आणि ते एकदम खदखदा हसत सुटले! मग सेनापती हसले, मग मानकरी हसले, हुद्द्याच्या क्रमाने. पंत सगळ्यांत शेवटी हसले, तेही तोंड मिटून.

"माग पोरी, काय हवं ते माग!"

"नवा प्रोसेसर कालव्याला द्या, महाराज. आज लावली तशी पंधराही गावांची पाळी रोज लावता येईल."

"आणि दरबाराला?" पंत किंचाळले.

"जुना राहू द्या की, सगळ्या मानासकट. इथे घाई कुणाला आहे?"

राजांना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसू आलं. "दिला! आणि पंत, त्या पाटलाला सांगा, उसालाही आता पाळीनेच पाणी. भालदार, बक्षीस जाहीर कर!"

भालदाराने काठी आपटली, छाती भरून श्वास घेतला आणि तसाच घुटमळला.

"महाराज, आधी बिरुदं म्हणू," त्याने विचारलं, "की हिला दिवसाउजेडी घरी पोहोचू द्यायचंय?"