ढोलीचं दार

झाडं मोकळेपणाने बोलत, त्या काळी देवराईत एक बेहडा होता. त्याची ढोली ऐसपैस होती, तरी तिथे भाडेकरू टिकत नसे.

यंदा धनेशीण आली. अंडी घालायची वेळ अगदी जवळ आली होती. आत बसून ती ढोलीचं तोंड चिखलाने लिंपू लागली, तसा बेहडा रागाने हलला. ओला चिखल गळून पडला.

"माझंच घर, आणि मलाच दार बंद?"

"काका, फट ठेवतेय ना! तेवढ्यातून आमचे हे मला फळं भरवतील. पण दार उघडं राहिलं तर घोरपड अंडी खाईल. जमत नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसरं झाड बघते."

"मैनाही अशीच गेली," बेहडा कुरकुरला.

"जाणारच! तिनेच सांगितलं मला. कुठे होतीस, कोण आलं होतं, काय आणलंस? सारखी चौकशी. घर दिलंत, तर ते तिचं होऊ द्या ना!"

धनेशिणीने पुन्हा चिखल लिंपला. तो वाळेपर्यंत बेहड्याने वाऱ्यातही बुंधा हलू दिला नाही.

उन्हाळा सरता सरता भिंत फोडून पिल्लं उडाली. पुढच्या वर्षी धनेशीण चोचीत चिखल घेऊनच आली. "यंदा अंडी किती?" हा प्रश्न बेहड्याच्या शेंड्यापर्यंत आला होता. त्याने तो गिळला.

"ये," तो म्हणाला. "आत पाणी झिरपत होतं, तिथे मी नवी साल धरलीय."