बुवांची अकरा चुकीची उत्तरं

एकदा एका वृद्ध गवईबुवांनी सलग अकरा दिवस चुकीची उत्तरं दिली, तीही चारचौघांत, आणि त्यांची शिष्या अगदी मेटाकुटीला आली.

गाण्याच्या वेडानं एकत्र आलेल्या चाळीसेक मंडळींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. रोज सकाळी कुणीतरी एखाद्या रागाच्या नावाची अक्षरं विस्कटून टाकायचं. बाकीच्यांनी तो राग ओळखायचा, आणि चुकेल त्याची मनसोक्त खेचायची. मला असल्या ग्रुपांचा भारी वैताग आहे. सकाळी उठून रियाज करायचा सोडून ही माणसं अंगठे झिजवत बसतात. पण ते असो.

गुर्जर नावाचे पेटीवादक या खेळातले पट्टीचे. मात्र अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची वाचा अडखळू लागली, शब्द सापडेनासे झाले, ग्रुपवर एक उत्तर चुकलं, आणि त्यानंतर गेले तीन महिने तिथे त्यांचं एक अक्षर नव्हतं.

बुवांच्या अकराव्या दिवशी कोडं होतं ‘दा, र, के’. पोरासोरांनाही केदार दिसला. केदार शिकवण्यात हयात घालवलेल्या बुवांनी उत्तर दिलं, ‘भूप’. ग्रुप तुटून पडला. कुणी विचारलं, “बुवा, चष्मा देवघरात राहिला का?”

त्यांच्या शिष्येला, केतकीला, ते सहन होईना. ती तडक बुवांच्या घरी गेली.

“बुवा, अकरा दिवस झाले. लोक हसतात तुम्हाला. तुमची शिष्या म्हणून मला लाज वाटते हो.”

बुवा सुपारी कातरत होते. ते म्हणाले, “झटक्यानंतर गुर्जर पहिल्यांदा चुकला, तेव्हा तू काय पाठवलंस?”

केतकीनं आठवून पाहिलं. “फुलांचा गुच्छ. ‘काळजी घ्या काका’ म्हणून. सगळ्यांनीच पाठवला.”

“चाळीस गुच्छ आले. त्याची बायको मला म्हणाली, त्यानं ते पाहिले आणि फोन पालथा घातला. अगं, ज्या घरात चुकणाऱ्याची टर उडवतात, तिथे एकट्या त्यालाच फुलं दिलीत. म्हणजे तो आता आपल्यातला नाही, असंच सांगितलंत ना? हल्ली रोज त्याच्या नावापुढे ‘टाइप करत आहे’ असं दिसतं, मग ते पुसलं जातं. मी चुकतो, तुम्ही हसता, हे तो वाचतो. चुकायला अजून जागा आहे, एवढं त्याला कळलं तरी पुरे.”

आपण काळजीच तर केली होती, असं केतकीला राहून राहून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ‘कं, मा, स, ल’ अशी अक्षरं आली. बऱ्याच वेळानं गुर्जरांचं उत्तर उमटलं, ‘भैरवी’.

ग्रुप चिडीचूप झाला. केतकीचं बोट सवयीनं फुलांपाशी गेलं आणि थांबलं. मग तिनं लिहिलं, “काका, आत्ता कुठे उजाडलंय, आणि तुम्ही भैरवी गाऊन मैफल संपवूनही मोकळे?”

‘टाइप करत आहे’ असं दिसलं. विझलं. पुन्हा दिसलं. केतकी फोन घट्ट धरून बसली होती. पाच मिनिटांनी शब्द आले.

“गप गं केतके.”

त्यानंतर बुवांनी एकही उत्तर चुकवलं नाही.