ओळीतली तोंडं

जिल्हा खो-खो संघटनेचे अध्यक्ष बापूसाहेब रणनवरे. निवड समितीत त्यांचा भाऊ, मेहुणा आणि व्याही. साहजिकच राज्य स्पर्धेच्या संघात बापूसाहेबांची नात आली आणि मयूरी वाघचौरे ही जिल्ह्यातली सगळ्यात चपळ खेळाडू घरी बसली.

मयूरीने भरसभेत जाब विचारला. तिघांना शेजारी घेऊन बसलेले बापूसाहेब मिशीत हसले. "पोरी, समितीत नातेवाईक नकोत, असं खो-खोच्या नियमात कुठं लिहिलंय?"

"तसं नाही लिहिलेलं, बापूसाहेब. पण एका ओळीत शेजारी बसणाऱ्यांची तोंडं विरुद्ध दिशांना हवीत, हे लिहिलंय. तुमच्या ओळीत सगळ्यांची तोंडं तुमच्याच ताटाकडे!"

अख्खी सभा खो खो हसली. हसू लपवायला व्याह्यांनी चटकन तोंड दुसरीकडे फिरवलं. त्या सभेत नियमाप्रमाणे झालं ते तेवढंच!