पाठमोरं सैन्य

पूर्वी एका सरोवरात धवलकेतू नावाचा राजहंस राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या बेटावर टिटवीच्या जन्मात राहत होता. पान पडलं तरी तो दचके, आणि दचकला की ओरडे. त्यामुळे त्याच्या ओरडण्याकडे कुणी लक्ष देत नसे.

त्या वर्षी पूर्वतीरावरच्या बाभळीवर कावळ्यांनी स्वारी केली. तिथे बगळ्यांची घरटी होती. रोज काही पिल्लं नाहीशी होऊ लागली. एक बगळी मदत मागायला आली, तेव्हा बेटावर सभा भरली.

"मधे एवढं पाणी आहे," पृथुपाद नावाचं म्हातारं बदक म्हणालं. "कावळ्यांना पोहता येतं का?"

"नाही, आजोबा," बोधिसत्त्व चाचरत म्हणाला. "पण उडता येतं."

सगळ्यांनी चटकन आभाळाकडे पाहिलं. मग कुणीतरी म्हणालं, "हा तर बेडकालाही घाबरतो!" सगळ्यांना हायसं वाटलं, सगळे हसले. ठराव झाला: त्या तीराशी आपला संबंध नाही, प्रत्येकाने तिकडे पाठ करूनच राहायचं. बगळी परत गेली.

पाठ करून राहणं सोपं नव्हतं. संध्याकाळी ऊन डोळ्यांत जाई, माना आखडत. "बघत नाहीये हं, पंख साफ करतेय," म्हणत पाणकोंबड्या हळूच वळत.

एके सकाळी बाभळीवरून किंकाळी आली. एकच घरटं उरलं होतं. बोधिसत्त्व दचकला, ओरडला. कुणी हललं नाही. 'मला इथे एवढी भीती वाटते, तर त्या पिल्लांना किती वाटत असेल!' असं त्याच्या मनात आलं. पाय लटपटत होते, पण उडायला पाय लागत नाहीत. तो एकटाच कावळ्यांवर तुटून पडला.

त्याचं ओरडणं बेटावर ऐकू येत राहिलं. थांबेचना.

"एकटाच आहे का गं तो?" राजाने न वळता विचारलं.

"बघायचं नाही ना, महाराज," पाणकोंबडी म्हणाली. "पण एकटाच आहे."

राजा तळमळला. "पृथुपादा, ठराव मोडावा लागणार."

"मोडायचा कशाला? पाठ तिकडेच ठेवू, आणि जाऊ."

मग हंस, बदकं, पाणकोंबड्या सगळे पाण्यात उतरले आणि उलटे पोहत निघाले. "अहो, मागे बघा की!" "बघायचं नाहीये ना!" असं ओरडत, एकमेकांवर आदळत शेकडो शेपट्या तीराकडे सरकू लागल्या. कावळ्यांचा सेनापती चक्रावला. "हे सगळे कुणाला घाबरून मागे सरकताहेत? बेटामागे काहीतरी भयंकर आलंय. पळा!"

कावळे गेले. पिसं उपटलेला बोधिसत्त्व घरट्यापाशी धापा टाकत होता. घरट्यात दोन पिल्लं जिवंत होती.

"आता तरी वळा, महाराज," बगळी म्हणाली.

राजा वळला. बाकीची सगळी घरटी रिकामी होती. त्या दिवशी बेटावर कुणी हसलं नाही.

एवढं सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, समोरच्या भिक्षूंकडे पाहिलं. शेजारच्या कुटीत साप निघाला असता 'ती आमची कुटी नव्हे' म्हणून ते आदल्या दिवशी दार लावून बसले होते. शास्ते म्हणाले, "तेव्हाचं म्हातारं बदक म्हणजे आताचा स्थविर वप्पिल, राजहंस म्हणजे भिक्षू सुनीथ, पाठमोरं सैन्य म्हणजे तुम्ही सगळे, आणि तो दचकणारा पक्षी मीच होतो. भीती जाण्याची वाट न पाहता जी धावते, तिला करुणा म्हणतात."