कौतिकाबाईची गार पंगत

फार वर्षांपूर्वी, पूर्णा नदीकाठच्या सातनिंबी गावात सातही कडुलिंब उभे होते तेव्हाची ही गोष्ट. त्या सातांपैकी एकाचीही सावली बायकांच्या वाट्याला येत नव्हती. लग्नाचा मांडव सावलीत पडायचा आणि स्वयंपाकाचं चुलाण मांडवामागं, रखरखत्या उन्हात. का, तर पाहुण्यांच्या डोळ्यांत धूर जाऊ नये! बायकांच्या डोळ्यांत गेला तर चालतो. घ्या!

त्या गावाला एक खूळ होतं. पाहुण्याचा मान वाफेत असतो, असं तिथले लोक मानायचे. वैशाखात अंगाची लाही लाही होत असली तरी ताटातून वाफ निघालीच पाहिजे. नाही निघाली, तर शिळं वाढलं म्हणून सोयरे रुसणार आणि गावाचं नाक कापलं जाणार. आता ह्या नाकापायी उन्हात भाजत कोण होतं, हे नाकवाल्यांना कोण सांगणार?

कौतिकाबाई त्या गावची आचारीण. पाचशे पानांचा स्वयंपाक ती सहज उभा करायची. तिच्या हाताखाली असायची तिची धाकटी जाऊ मथुरा. दोघी पाठच्या बहिणींसारख्या. पाटलाच्या थोरल्या लेकीचं लग्न होतं. त्या पाटलाचं नाव मी सांगणार नाही, तेवढा मान मी त्याला देत नाही. भर दुपारी मथुरा पुऱ्या तळत होती.

"बाई, डोळ्यापुढं अंधारी येऊन रायली. मले घडीभर सावलीत बसू द्या," ती म्हणाली.

तिसरी पंगत नुकतीच बसली होती. कौतिकाबाई म्हणाली, "एवढा घाणा काढ माय, मंग जा."

तो घाणा निघालाच नाही. मथुरा चुलाणाशेजारीच कोसळली. आणि मांडवातून पाटलाचा आवाज आला, "पुऱ्या काहून थांबल्या?"

पंगतीतला एक माणूस उठला नाही हो, एक! बोटं चाटत बसले होते सगळे. दिवेलागणीच्या आत मथुरा गेली.

कौतिकाबाईनं मथुरेचे तेरा दिवस पाळले. चौदाव्या दिवशी विहिरीवर भरल्या घागरीवर हात ठेवून ती म्हणाली, "आखाजीपासून मृगापर्यंत, ऊन चढलं की माह्या हातून चूल पेटणार नाई." आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया; तिथून थेट मृगाच्या पावसापर्यंत! पुरुष खो खो हसले. आचारीण म्हणे चूल पेटवणार नाही! पण विहिरीवरच्या बायका हसल्या नाहीत. एकेकीनं पुढं होऊन त्याच घागरीवर हात ठेवला.

पुढच्या वैशाखात पाटलाच्या धाकट्या लेकीचं लग्न निघालं. कौतिकाबाईवाचून एकही बाई चुलाणाकडं फिरकेना. झक मारत पाटलाला तिच्या दारी यावं लागलं.

"पाहुण्यायले काय शिळंपाकं वाढू?" तो गुरकावला.

"मी रांधते ते जिभेवर ठेवून पहा, मंग बोला," ती म्हणाली.

तिनं नदीची ओली वाळू आणवली आणि सात रांजण गळ्यापर्यंत वाळूत पुरले. ज्वारीचं पीठ आदल्या दिवशीच भिजवून आंबवलं होतं. ते तिनं पहाटे शिजवलं, निववलं आणि त्यात ताक घुसळून लसूण, जिरं नि हिरव्या मिरचीचं झणझणीत वाटण घातलं; ही आंबील तिनं त्या रांजणांत भरली. भिजल्या हरभऱ्याच्या डाळीत कैरी किसून घातली आणि वरून लाल मिरचीची फोडणी दिली. कांदा-कैरीचा तक्कू केला, तोही तिखटजाळ. सूर्य कासराभर वर यायच्या आत तिनं चुलाणावर पाणी ओतलं.

वऱ्हाड आलं ते ऐन बारा वाजता. बैलगाड्यांतून उतरणारे चेहरे लाल झालेले. पानं मांडली आणि पाटलानं पाहिलं, वाफच नाही.

"आंबील गरम करा!" त्यानं सुनांना फर्मावलं. सुनांनी माना खाली घातल्या, जागची एक हलली नाही. मग रागानं धोतर खोचून पाटलानंच जाळ केला आणि एक रांजण कढईत उपसला. आता ताकाची आंबील जाळावर ठेवली तर फाटणार, हे चुलीशी बसलेलं पोरही सांगेल. पण हा बाबा जन्मात मांडवामागं आला होता कुठं? आंबील फाटली. ती सारखी करायला हा ढवळतोय, फुंकतोय, पुन्हा ढवळतोय. डोक्यावर ऊन आणि पुढ्यात जाळ. थोड्याच वेळात पाटील आडवा झाला.

आणि अख्खी पंगत उठली! मथुरेसाठी एक माणूस हलला नव्हता, पाटलासाठी पाचशे उठले.

कौतिकाबाई मात्र सगळ्यांच्या आधी धावली होती. तिनं त्याला सावलीत ओढलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं. त्यानं डोळे उघडले तेव्हा पहिली गार वाटी त्याच्याच ओठाला लावली. मग ती म्हणाली, "पाटील, आज कोणी इचारलं नाई, आंबील काहून थांबली?"

पाटलानं हात जोडले. "चुकलो, माय."

"मले नका म्हणू. मथुरेले म्हणा. मीबी तिले एक घाणा जास्त काढाले लावला होता. मीबी म्हणते." आणि ती तिथंच, सगळ्यांदेखत, हंबरडा फोडून रडली.

त्या दिवशी राहिलेल्या सहा रांजणांतली आंबील कितीही उपसली तरी रांजणाच्या गळ्याखाली उतरली नाही, असं म्हणतात. रुसायला आलेला नवरदेवाचा बाप नाक पुसत सहा वाट्या प्याला आणि सातवी मागितली. भोवतालची वाळू कुणी पाणी न घालता मृगापर्यंत ओली राहिली, असंही म्हणतात.

आता तिथं तीनच कडुलिंब उरलेत, पण वैशाखातल्या लग्नांत कौतिकाबाईची गार पंगत आजही बसते. रांजण आदल्या दिवशीच वाळूत पुरले जातात. पहिली वाटी व्याह्याला मिळत नाही. घरधनी ती स्वतः रांधणारीकडं नेतो, तिला सावलीत बसवतो, आणि ती पिईपर्यंत पंगतीत कुणी पानाला हात लावत नाही. त्या वाटीला मथुरेची वाटी म्हणतात.

आणि एखादा पाहुणा कुरकुरलाच, "गरम काही नाही का?", तर त्याच्याशी कुणी वाद घालत नाही. त्याच्या हातात काडेपेटी देतात आणि मांडवामागचं उन्हातलं चुलाण दाखवतात. आजवर एकानंही काडी ओढलेली नाही, असं म्हणतात.